पावसात पक्ष्यांचं फीडर कसं धुवायचं? खालचं लॉन पिवळं पडलंय आणि एक होला मेला

परसदार_अस्नोडा

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. आमचं घर गोव्यात अस्नोड्याला, पुढे छोटंसं लॉन आहे, दोन वर्षांपूर्वी ह्यांनी हौसेने मेक्सिकन ग्रास लावून घेतलं. लॉनच्या कडेला पेरू आहे, त्याच्या फांदीला मी मार्चमध्ये दोन फीडर टांगले, एक प्लास्टिकच्या नळीचा आणि एक मातीचं पसरट ताट. उन्हाळाभर काही म्हणजे काही त्रास नव्हता. चिमण्या, मुनिया, होले, संध्याकाळी पोपटांची एक जोडी, आणि ताटात केळं ठेवलं की बुलबुल. सासूबाई तर सकाळचा चहा घेऊन तिथेच बसायच्या.

पाऊस लागला आणि सगळं बिघडलं. दाणे फुगून नळीच्या बुडाला चिकटून बसतात, दोन दिवसांत काळी बुरशी आणि आंबूस वास. म्हणून मी दर रविवारी फीडर काढून तिथेच लॉनवर बसून धुवायचे, कडकडीत गरम पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि वर व्हिनेगर, आणि ते सगळं पाणी तिथेच ओतून द्यायचे कारण पावसात वाहून जाईल असं वाटायचं. आता फीडरच्या खाली मोठ्या परातीएवढा पिवळा गोल झालाय, मधे तर गवत पूर्ण गेलंय आणि माती काळपट बुळबुळीत.

त्याहून वाईट म्हणजे मागच्या आठवड्यात एक होला ताटाशेजारी पिसं फुगवून बसलेला दिसला, जवळ गेले तरी उडेना, चोचीला लाळेसारखं काहीतरी, दाणा उचलायचा आणि खाली टाकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पेरूखाली मेलेला सापडला. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय.

तर विचारायचं असं की फीडर नेमका कशाने धुवावा, शेजारच्या काकी म्हणतात फिनाईल टाक, ते बरोबर आहे का? धुतलेलं पाणी कुठे टाकायचं? लॉन परत येईल का? आणि तो होला माझ्या फीडरमुळे गेला का, हे कोणाला माहीत असेल तर स्पष्ट सांगा, वाईट वाटेल म्हणून लपवू नका.


गवतमाती_पर्वरी

ताई, लॉनचं मी सांगतो, माझं कामच ते आहे, लोकांच्या बागा करून देतो. फोटो नसला तरी तुमच्या वर्णनावरून तीन गोष्टी एकत्र झाल्यात असं दिसतं.

पहिली, उकळतं पाणी. चिऱ्यांच्या फटीतलं गवत मारायला आम्ही मुद्दाम उकळतं पाणी ओततो, मग लॉनचं दुसरं काय होणार. व्हिनेगरचंही तेच, ते पानाला करपवतं, आणि आपली जांभ्याची माती मुळातच आंबट, त्यात दर रविवारी भर. दुसरी, विष्ठा. थोडी असेल तर खत, एकाच जागी चार महिने पडली तर गवत जळतं. तिसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, ती म्हणजे सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. तुमच्याकडे पोपट येतात म्हणजे मिक्समध्ये सूर्यफूल असणारच. त्या टरफलांत अशी द्रव्यं असतात की आजूबाजूला दुसरं काही नीट उगवत नाही, वाढ खुंटते. त्यावर पावसाने भिजलेल्या दाण्यांचा थर बसला की खाली हवा जात नाही आणि तुम्ही म्हणता तसा काळा बुळबुळीत चिखल होतो.

आता उपाय. आधी फीडर तिथून हलवा, नाहीतर बाकी सगळं फुकट. मग तो काळा थर पंजाने खरवडून काढा, साधारण बोटभर खोल, आणि तो कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका, पक्ष्यांच्या आजाराची शंका आहे, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. हातमोजे घाला. पाऊस थांबला असेल त्या दिवशी साधं पाणी भरपूर सोडा म्हणजे साबण आणि आंबटपणा खाली जाईल. मग लाल माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत अर्धं अर्धं करून भरा, आणि लॉनच्याच दुसऱ्या कडेचे मूठमूठ गवताचे ठोकळे काढून वीतभर अंतराने लावा. सध्या पाऊस आहे तर चवथीपर्यंत भरून येईल, हेच मे महिन्यात केलं असतं तर पाणी घालून कंटाळला असता.

बाजरी उगवलेली दिसली तर उपटा, लॉनमध्ये एकदा माजली की वैताग देते. आणि फिनाईल नको हो. गवताला नको, पक्ष्याला नको, घरात मांजर असेल तर तिला तर अजिबातच नको.


पशुवैद्य_डिचोली

मी व्हेट आहे, जास्त करून गाई-म्हशी आणि कोंबड्या बघते, पण कबुतरं पाळणारे लोकही येतात त्यामुळे ह्यातलं थोडं रोजचं आहे.

ताई, तुम्ही स्पष्ट विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते. न तपासता खात्रीने कोणीच सांगू शकत नाही, पण पिसं फुगवून बसणं, गिळता न येणं, दाणा उचलून टाकणं, चोचीला लाळ, हे सगळं होल्यात आणि कबुतरात दिसलं की पहिली शंका ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीची येते. हा घशात आणि अन्नपिशवीत वाढतो, गिळायला त्रास होतो आणि पक्षी समोर दाणे असून उपाशी मरतो. आजारी पक्षी जो ओला दाणा तोंडातून टाकतो तो दुसऱ्याने उचलला की त्याला लागण. म्हणजे आजार तुमच्या फीडरने तयार केला नाही, पण पसरायला जागा मिळाली असू शकते. ह्यात तुम्हाला दोष द्यायचा नाहीये, तुम्ही निदान धुत तरी होतात, बहुतेक लोक वर्षभर तेच भांडं भरत राहतात.

हा प्रकार किती वाढू शकतो ते ब्रिटनमध्ये दिसलं. तिथे २००५ पासून हा आजार बागेतल्या ग्रीनफिंच नावाच्या पक्ष्यांत शिरला आणि पक्षी इतके घटले की २०२१ मध्ये त्यांना धोक्यात असलेल्या पक्ष्यांच्या लाल यादीत टाकावं लागलं. आरएसपीबी ही तिथली पक्ष्यांसाठी काम करणारी मोठी संस्था, तिने २०२५ मध्ये पसरट, सपाट फीडरची विक्रीच थांबवली. कारण सोपं आहे, सपाट ताटात पक्षी दाण्यावरच उभा राहतो, त्यातच विष्ठा, त्यातच पाणी साचतं. तुमचं मातीचं ताट आजच काढा. माती पाणी शोषते, आतपर्यंत ओली राहते, पावसाळ्यात ते स्वच्छ करणं जवळजवळ अशक्य आहे.

आता महत्त्वाचं, हा परजीवी ओलाव्यात टिकतो पण पूर्ण कोरडं झालं की मरतो. म्हणून कशाने धुतलं ह्याच्याइतकंच कोरडं किती झालं हे बघायचं. माझी पद्धत सांगते. फीडर पूर्ण सुटा करायचा, उरलेले दाणे पिशवीत बांधून कचऱ्यात, परत वापरायचे नाहीत. आधी साबण आणि ब्रशने घाण काढायची, नळीसाठी बाळाच्या बाटलीचा ब्रश छान चालतो, तो फक्त ह्याच कामाला ठेवायचा. घाण निघाल्यावर एक वाटी साधं बिनवासाचं कपड्यांचं ब्लीच आणि नऊ वाट्या पाणी, त्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायचं. आधी घासायचं का, तर विष्ठा चिकटलेली असताना ब्लीच आत पोचत नाही, तिथेच त्याची ताकद संपते. मग वाहत्या पाण्याखाली वास जाईपर्यंत धुवायचं आणि खडखडीत सुकवायचं. एरवी दोन आठवड्यांनी एकदा पुरतं, पावसात आठवड्याला, आणि बुरशी दिसली तर त्याच दिवशी.

एक इशारा, कृपा करून वाचाच. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करू नका, ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड तर नाहीच नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीत जीवावर बेतू शकतं. तुम्ही व्हिनेगर वापरता म्हणून मुद्दाम लिहितेय. आणि विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर अंदाजाने कालवून वापरू नका, किती कडक झालं ते कळत नाही.

सध्या दोन्ही फीडर काढा, निदान दोन-तीन आठवडे काहीच ठेवू नका, म्हणजे पक्षी पांगतील आणि एकमेकांना लागण कमी होईल. पाण्याचं भांडं असेल तर तेही. त्या दिवसांत आणखी आजारी पक्षी दिसला तर परत सुरू करू नका. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलायचा नाही. हा परजीवी माणसाला होत नाही पण पक्ष्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू येऊ शकतो, त्यामुळे काम झालं की साबणाने हात, आणि फीडर स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचा नाही.


कुळागरकार_फोंडा

डॉक्टरबाईंनी सगळं छान सांगितलं. मी आपलं घरगुती सांगतो, वय झालं तरी रोज सकाळी पक्ष्यांना दाणे घालायचं सोडलेलं नाही.

माझ्याकडे फीडर म्हणजे करवंटी. नारळ फोडला की अर्धी करवंटी घ्यायची, कडेला तीन भोकं, काथ्याच्या दोऱ्या, आणि बुडाला एक बारीक भोक पाणी जायला. मूठभर तांदळाच्या कण्या किंवा बाजरी. चार-पाच दिवस झाले, घाण दिसली, की काढून न्हाणीच्या चुलीत टाकायची आणि नवी टांगायची. धुणं नाही, ब्लीच नाही. घरात नारळ रोजच फुटतो, करवंट्यांना तोटा नाही. ही पण पसरटच झाली हे मला मान्य, पण लहान असल्यामुळे एका वेळी एकच पक्षी बसतो आणि दाणे तासाभरात संपतात, साचून राहत नाहीत.

आणि पोरी, दाणे कमी घालायचे ग. मी सकाळी एक मूठ घालतो, नऊ वाजता बघितलं तर रिकामी. संध्याकाळी काहीच ठेवत नाही. रात्री दाणे राहिले की उंदीर येतो, आणि उंदराच्या मागून जनावर, म्हणजे साप, येतं, पावसात तर बिळात पाणी शिरलेलं असतं, ते कोरडी जागा शोधतच असतं. आमच्या शेजारी पायरीवरच निघालं होतं.

मुंग्यांचं कोणी विचारलं नाही पण सांगून ठेवतो, दोरीला तेल-ग्रीस लावू नका, पिसाला लागलं की पक्ष्याला उडता येत नाही आणि तो चोचीने पुसायला जातो ते पोटात जातं. पावडर तर नकोच. पूर्वी जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचो, तसंच दोरीच्या मधे एक वाटी अडकवून पाणी भरायचं. मुंगी ओलांडत नाही.


परसदार_अस्नोडा

डॉक्टर, गवतमाती, काका, सगळ्यांचे खूप आभार. वाचताना रडू आलं खरं, पण न सांगता राहण्यापेक्षा बरं. दोन्ही फीडर आत्ताच काढले, ताट फोडून पिशवीत बांधलं. ब्लीच आणि व्हिनेगर मी दोन्ही एकाच बादलीत टाकायच्या बेतात होते, जास्त स्वच्छ होईल म्हणून. तो इशारा वाचला नसता तर काय झालं असतं कोण जाणे.

दोन शंका राहिल्या. ब्लीचचं पाणी कुठे ओतू, आमची विहीर लॉनपासून जवळच आहे. आणि सुकवायचं कसं, इथे आठ दिवस ऊन नाही, आमचे टॉवेल सुकत नाहीत तिथे फीडर काय सुकणार.


पशुवैद्य_डिचोली

ब्लीचचं पाणी सरळ संडासात ओता, दोन-तीन तांबे पाण्याने काही बिघडत नाही. फक्त तिथे आधी ॲसिड टाकलेलं नसावं, टाकलं असेल तर भरपूर पाणी सोडून मगच. विहिरीजवळ धुणं तर सोडाच, विष्ठा असलेलं पहिलं पाणीसुद्धा तिकडे वाहून जाणार नाही असं बघा.


कुळागरकार_फोंडा

साबणाचं थोडं पाणी माडाच्या आळ्यात गेलं तर चालतं, आपल्याकडे न्हाणीचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या माडालाच जातंय. ब्लीचचं मात्र नको.

सुकवायला दोन फीडर एकसारखे ठेव, एक टांगलेला, एक सुकत. चूल पेटत असेल तर वरच्या माळ्यावर, नाहीतर खोलीत पंख्याखाली वर्तमानपत्रावर, सगळे भाग सुटे करून. जोडून ठेवलास तर आतला ओलावा तसाच राहतो. बोट घालून बघायचं, जरा जरी गार ओलसर लागलं तर अजून एक रात्र ठेवायचं. घाई करून ओल्यात दाणे भरले की सगळी मेहनत वाया, दुसऱ्या दिवशी परत बुरशी.


बाल्कनी_मडगाव

मध्येच विचारते, राग नको. आमच्याकडे लॉन वगैरे नाही, चौथ्या मजल्यावर बाल्कनी आहे, चिमण्यांसाठी फीडर लावला आणि आता चिमणी एक आणि कबुतरं वीस अशी अवस्था आहे. खालच्या मजल्यावरचे रोज भांडतात, त्यांच्या कपड्यांवर घाण पडते, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर आहे. ग्रिलवर सुकलेली विष्ठा खरवडताना धूळ उडते, माझ्या मुलाला दमा आहे.


पशुवैद्य_डिचोली

मुलाला दमा असेल तर फीडर बंद करा, ह्यात मला दुसरं मत नाही. कबुतराच्या सुकलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसाला त्रास देते, काही लोकांना तर कायमची इजा होते. मुंबईत कबुतरखान्यांवरून २०२५ मध्ये एवढा वाद झाला त्याच्या मुळाशी हेच होतं. साफ करताना मुलाला दुसऱ्या खोलीत ठेवा, मास्क लावा, आणि कोरडं खरवडू नका, आधी साबणाच्या पाण्याने भिजवा, मऊ झालं की कागदाने उचला.

चिमण्यांसाठीच काही करायचं असेल तर दाण्यांपेक्षा घरटं करायला लाकडी खोका लावून बघा, कबुतर शिरणार नाही इतकं लहान भोक ठेवायचं, साधारण सव्वा इंच.


रानवाटा_सत्तरी

मला जरा वेगळं वाटतं ते लिहितो, कोणाला दुखवायचं नाहीये. पावसात फीडर लावायचाच कशाला? जून ते सप्टेंबर आपल्याकडे खायला काय कमी असतं, किडे, अळ्या, आणि गवत फुलोऱ्यावर आलं की मुनियांची चंगळ. मुनिया तर पावसातच घरटं बांधते, कारण तेव्हा गवताचं बी असतं. चिमणीची पिल्लं सुरुवातीला किड्यांवर वाढतात, बाजरीवर नाही. म्हणजे आपण फीडर भरतो तो बराचसा आपल्या डोळ्यांच्या आनंदासाठी, आणि त्यात काही वाईट नाही, पण मग धोका फक्त पक्ष्यांनी का घ्यायचा.

लॉनच्या एका कडेला दोन हात पट्टा न कापता सोडून द्या, गवत बियाण्यावर येऊ द्या, आणि कीटकनाशक मारू नका. मुनिया तिथे स्वतः येतील, धुवायला काही नाही. सूर्यपक्ष्यांसाठी कोणी साखरपाण्याचं फीडर लावत असेल तर आपल्या हवेत ते एका दिवसात आंबतं, त्यापेक्षा जास्वंद आणि हॅमेलिया लावा. बुलबुलाला पेरू आहेच की तुमच्याकडे.


परसदार_अस्नोडा

रानवाटा, तुमचं पटतंय, अर्धं तरी. सासूबाईंना मात्र पक्षी जवळून बघायचे असतात, गुडघ्यांमुळे त्यांना अंगणापलीकडे जाता येत नाही, त्यांचा दिवसभराचा विरंगुळाच तो. म्हणून पूर्ण बंद करायचं मनाला येत नाही. पण पावसाळ्यापुरतं थांबते, आणि कडेचा पट्टा सोडायला ह्यांना सांगितलंय, ते आधी नाराज झाले, मग म्हणाले बघूया.


गवतमाती_पर्वरी

ताई, परत लावाल तेव्हा लॉनवर नकोच, अंगणात फरशी किंवा चिरे असतील त्याच्या वर टांगा, खाली एक रुंद ताट अडकवा सांडलेलं झेलायला, आणि रोज संध्याकाळी केरसुणी फिरवा. ताटाला भोकं पाडा नाहीतर त्यातच पाणी साचेल. सूर्यफूल घालायचंच असेल तर सोललेलं घ्या, महाग आहे पण टरफल पडत नाही. आणि फीडर भिंतीला किंवा झुडपाला इतका चिकटून नको की मांजर दबा धरून बसेल.


परसदार_अस्नोडा

तीन आठवड्यांनी लिहितेय. आणखी आजारी पक्षी दिसला नाही, मी रोज सकाळ-संध्याकाळ पेरूखाली बघत होते. गोल खरवडून माती भरली, ठोकळे लावले, आता मधे थोडीच जागा उघडी आहे, हिरवं धरलंय. नळीचा फीडर डॉक्टरांनी सांगितलं तसा घासून, ब्लीचमध्ये दहा मिनिटं ठेवून धुतला, पंख्याखाली दोन रात्री सुकवला, आणि पिशवीत बांधून कपाटात ठेवलाय, दिवाळीला काढेन. तोवर काकांची करवंटी, तीही फक्त उघडीप असेल त्या सकाळी, एक मूठ कण्या, पुढच्या पडवीच्या बाहेर फरशीवर. सासूबाईंची खुर्ची तिकडे हलवली. न कापलेल्या पट्ट्यात काल पाच मुनिया मोजल्या त्यांनी, गवताची काडी वाकवून बी खात होत्या, ह्यांनाच हाक मारून दाखवल्या.

काका, करवंटीला बुडाचं भोक किती मोठं पाडता? माझ्या भोकातून कण्या गळतात.


कुळागरकार_फोंडा

तापवलेल्या खिळ्याने पाड, दाभणाएवढंच. आणि आतून काथ्याची एक लहान गुंडी त्यावर बसव, पाणी जातं, कणी राहते. करवंटी बदलशील तेव्हा गुंडी पण बदल.